शेरूची शेपूट

अगं पोरी,

परवा रात्री तू दोन फोटो पाठवलेस, एक 'आधीचा' आणि एक 'नंतरचा'. खाली विचारलंस, "काका, आता बरा दिसतोय ना?" मी उत्तर दिलं नाही, कारण तेव्हा तोंडात आलं होतं ते लिहिण्यासारखं नव्हतं. दोन दिवस गेलेत, आता लिहितो.

आधीच्या फोटोत आपल्या साताऱ्याच्या पेढ्याच्या भैरोबाच्या डोंगराची पायवाट आहे. गवत पिवळं पडलंय, लांबवर अजिंक्यतारा किल्ल्यावरचा टॉवर दिसतोय. उजवीकडे तुझ्या मैत्रिणीचं कोपर आणि ओढणीचं टोक, खाली तुझ्या कुत्र्याचं, शेरूचं ढुंगण आणि झेंड्यासारखी वर केलेली शेपूट, वरून विजेची तार. नंतरच्या फोटोत वाट, गवत, किल्ला आणि संपलं. बाकीचं तू बोटाने पुसलंस. शेरू होता तिथे आता गवत आहे, पण ते गवत त्या डोंगरावर कधी उगवलेलंच नाही. आजूबाजूचं बघून फोनने ठिगळ लावलंय. आणि बारकाईने बघ, शेपटीची सावली तशीच राहिलीय. कुत्रं नाही आणि सावली आहे! अमावास्येच्या गोष्टीत शोभेल असं काहीतरी झालंय ते.

पुसू नकोस.

तुझी अडचण मला कळत नाही असं नाही. चौघी मैत्रिणी आणि दोन कुत्री घेऊन तू दर रविवारी हिंडतेस, पन्नास-साठ फोटो काढतेस आणि घरी आल्यावर ते तुला 'घरगुती' वाटतात. लोकांचे कास पठाराचे फोटो कसे स्वच्छ असतात, म्हणतेस. मग कॅमेरा बदलू का, क्लास लावू का, हिमालयातल्या फोटो टूरला जाऊ का? कॅमेऱ्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, हप्ते तुझे तुला भरायचेत. पण कासचं मला सांगू नकोस. 2012 साली पश्चिम घाटाबरोबर कास युनेस्कोच्या यादीत गेलं. तेव्हापासून सप्टेंबर उजाडला की सगळ्यांकडून एकच फोटो येतो. सीतेची आसवं या फुलांचा जांभळा गालिचा, वर ढग, माणूस औषधालाही नाही. काढणाऱ्याच्या पाठीमागे मात्र जत्रा भरलेली असते. ती जत्रा कुणी दाखवली तर तो फोटो मी भिंतीला लावीन.

हे मी फार शहाणा म्हणून सांगत नाही. वीस वर्षं मी हेच केलं, आणि माझ्याकडे तर पुसायची सोयही नव्हती.

माझ्याकडे सेकंडहँड झेनिट कॅमेरा होता. रशियन, हातात विटेसारखा. शटरचा वेग सेकंदाच्या 1/500 च्या वर जात नसे, म्हणजे पळतं कुत्रं हटकून हललेलं यायचं. एका रोलमध्ये 36 फोटो, आणि तो रोल दोन महिने पुरवायचा. दर रविवारी मी आणि माझा एक मित्र निघायचो. माहुली, लिंब, यवतेश्वर, कधी जरंडेश्वर. बरोबर त्याचा काळू. काळू म्हणजे अस्सल गावठी, एक कान पडलेला. त्या दोघांना मी दिवसभरात एकच वाक्य सगळ्यात जास्त वेळा ऐकवायचो, "जरा बाजूला सर." मित्र सरायचा. काळूला दगड दाखवावा लागे.

हे खूळ डोक्यात शिरलं 1994 साली. एका स्पर्धेत मी जरंडेश्वराचा धुक्यातला फोटो पाठवला होता. पायऱ्यांवर एका कडेला काळू मागे वळून बघतोय, असा. परीक्षक म्हणाले, "फोटो चांगलाय, पण कोपऱ्यातलं कुत्रं काढायला हवं होतं." आज ते वाक्य ऐकलं तर हसेन. तेव्हा मी ते वेदवाक्य मानलं आणि पुढे फ्रेममध्ये माणूस येऊ दिला नाही, कुत्रं येऊ दिलं नाही, उसाची ट्रॉली येऊ दिली नाही.

लिंबला बारा मोटेची विहीर आहे, तू बघितलीयस. 1719 ते 1724 मध्ये बांधलेली, 110 फूट खोल सांगतात, पोटात महाल. तिथे एकदा मी मित्राला पायऱ्यांवरून उठवलं. मग महालाच्या कमानीतून हाकललं. मग त्याची सावली येतेय म्हणून आणखी लांब पाठवलं. वरून तो म्हणाला, "आम्ही तुला फोटोत नकोच आहोत, तर बरोबर तरी कशाला आणतोस?" मी म्हटलं, "दोन मिनिटं थांब, ऊन सरकतंय." पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. भांडण झालं असं कुणी म्हणणार नाही. मोती चौकात भेटतो, पावसापाण्याचं बोलतो, निघतो.

तो विहिरीचा फोटो अजून आहे माझ्याकडे. एकदम स्वच्छ. इतका स्वच्छ की 110 फुटांची ती विहीर आंघोळीच्या हौदाएवढी दिसते. मापाला आत माणूसच नाही ना! पायरीवर तो बसलेला असता, त्याच्या पायाशी काळू असता, तर बघणाऱ्याला खोली पोटात जाणवली असती. हे फोटोग्राफीचं साधं गणित आहे आणि ते मला तेव्हा येत नव्हतं.

आता मी सगळं चुकलोच का? तसंही म्हणणार नाही. रोलचे पैसे पडायचे, धुवायचे वेगळे, प्रिंटचे वेगळे. शहरातल्या एका स्टुडिओने तर माझा एक आख्खा रोल ओरखडे पाडून परत दिला, वर म्हणाले आधीपासूनच होते. कारखान्यातल्या पगारात 36 मधला एक फोटो कुत्र्याच्या शेपटीवर घालवायचा म्हणजे जिवावर यायचं. माझ्या जागी तू असतीस तर तूही हेच केलं असतंस. पण तू माझ्या जागी नाहीस. तुला फोटो फुकट पडतो, तरी तू शेरूला पुसतेस, म्हणून राग येतो.

कडक लिहितोय, वाईट वाटून घेऊ नकोस. तुझी नजर चांगली आहे. त्या आधीच्या फोटोत वाटेचं वळण आणि शेरूच्या शेपटीचं वळण एकाच बाजूला जातंय, हे तुला दिसलं होतं का? दिसलं नसणार, कारण तू पुसायला बसली होतीस.

थोडं कामाचं सांगतो. शेरूचा फोटो उभ्याने काढू नकोस, वरून सगळी कुत्री सारखीच दिसतात. उकिडवी बस, फोन त्याच्या डोळ्याच्या उंचीला आण, फोकस डोळ्यावर. पळत असेल तर शटर 1/1000 च्या वर ठेव. तुमची दुसरी कुत्री काळीकुळकुळीत आहे. ती फ्रेम भरून असेल तर कॅमेरा तिला राखाडी करून टाकतो, कारण समोर काहीही असलं तरी त्याला ते मध्यम करड्या रंगाचंच वाटतं. तेव्हा उजेड थोडा उणे कर. पण तीच उन्हातल्या पिवळ्या गवतात लहानशी दिसत असेल तर ती कोळशाचा ठिपका होते, तिथे उजेड थोडा वाढव. गवत थोडं पांढरं पडलं तरी चालेल, तिचे डोळे दिसू देत. गळ्यातला पट्टा दिसतो म्हणून काढू नकोस आणि पुसूही नकोस, वेळेला धरायला तोच लागतो. दिवाळीनंतर धनगरांचे कळप कोकणाकडे उतरायला लागतात, त्यांची कुत्री पाव्हण्या कुत्र्यांचं स्वागत कसं करतात हे तुला बघायचं नसेल.

आणि कुसळं. या दिवसांत डोंगरावरून उतरलं की सगळे कुठेतरी खडकावर टेकतात आणि सलवारीतली, मोज्यांतली कुसळं उपसतात. कुत्र्यांच्या बोटांच्या बेचक्यांत, कानात जातात ती तर काढावीच लागतात, नाहीतर कातडीत घुसून पिकतात. तुझी ती कोपरवाली मैत्रीण शेरूचा पंजा मांडीवर घेऊन एकेक कुसळ काढते, आणि तो तोंड फिरवून भलतीकडे बघत बसतो, हे तूच मला हसत हसत सांगितलंस. त्याचा फोटो कुठाय? नाही. कारण तेव्हा तू वर उभी राहून किल्ल्यावरचे ढग टिपत होतीस. ढग काय, उद्याही येतील.

तू विचारशील, मग काहीच टाळायचं नाही का? टाळ की. दोन पावलं सरक, खाली बस, थांब, नाहीतर फोटोच काढू नकोस. हलायचं ते तू. जे तिथे होतं त्याला उठवायचं नाही. माझं 'बाजूला सर' म्हणजे पुसणंच होतं, फोटोच्या आधी केलेलं इतकंच.

संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांची समाधी आहे, आणि तिथेच त्यांच्या खंड्या कुत्र्याचीही आहे. शिकारीत त्याने महाराजांना वाघापासून वाचवलं, म्हणून त्याला जहागीर आणि पालखी दिली, असं सांगतात. 1749 साली महाराज गेले. अटकेकडे निघालेल्या राज्याचा छत्रपती, आणि कुत्र्याला बाजूला सर म्हणाला नाही. माहुलीचा घाट, विश्वेश्वराचं देऊळ, कृष्णा-वेण्णेचं पाणी, यांचे माझ्याकडे निदान शंभर फोटो असतील. परवा रात्री सगळे काढून बघितले. खंड्याचा एकही नाही. फ्रेममध्ये बसत नव्हता.

येत्या रविवारी साडेसहाला माहुलीच्या घाटावर ये. शेरूला आण, काळीला आण, कोपरवालीलाही आण. 'आधीचा' फोटो फोनमध्ये असेल तर तसाच राहू दे, 'नंतरचा' माझ्यासमोर डिलीट करायचाय. पाण्याचं भांडं विसरू नकोस, उन्हं वर आली की घाटाचा दगड तापतो.

मित्रालाही काल फोन केला. येतो म्हणाला नाही, येत नाही असंही म्हणाला नाही. "कॅमेरा आणणार आहेस का?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, सांगतो.

— काका