घर विकायला काढलंय, पण सही होत नाही

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. घराची जाहिरात होती. ‘गजबजलेल्या वस्तीत प्रशस्त, ऐतिहासिक, तीन मजली घर विकणे आहे.’ त्यातल्या ‘प्रशस्त’वर बोट ठेवून म्हणाल्या, "हा शब्द दादानं घातला. बाबा या घराला कधी प्रशस्त म्हणाले नाहीत. ते म्हणायचे हवेशीर." आणि रडायलाच लागल्या.

त्यांना इथे ताई म्हणते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत आणि हे लिहायला त्यांची परवानगी आहे.

समुपदेशक म्हणून ताईंचा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकलाय, की वाक्यं थोडीफार तीच असतात. आईवडिलांचं घर विकायचं ठरलंय. भावंडांचं एकमत आहे. गिऱ्हाईकही दारात आहे. तरी सहीपाशी हात थांबतो. "मी घर विकत नाहीये, त्या दोघांनाच विकतेय असं वाटतं. माझं काही बिघडलंय का?" बिघडलेलं नसतं. पण नुसतं तेवढं सांगून कुणाला रात्री झोप लागलेली मी पाहिली नाही.

घर शंभरीच्या पुढचं. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, रस्त्याकडचं तोंड अरुंद, पण आत खोलवर गेलेलं. बाहेरून बघणाऱ्याला आत एवढं घर असेल असं वाटतच नाही. मधोमध लाकडी जिना, भिंती चुन्याच्या. खाली दुकानांची रांग, रात्री अकरापर्यंत माणसांचा आवाज. आई जाऊन आठ वर्षं झालेली, वडील जाऊन सहा. दोघांचं शेवटपर्यंतचं सगळं ताईंनी केलं. भाऊ दुसऱ्या शहरात. आता ताई एकट्या, वय चोपन्न, उजवा गुडघा दुखरा. राहतात एका मजल्यावर आणि महिन्यातून एकदा झाडू घेऊन वर जाऊन येतात. विकण्याची कारणं एवढी सरळ होती, की त्यावर आम्ही फार वेळ घालवलाच नाही.

वर्षभरात तीन गिऱ्हाइकं आली होती आणि तिन्ही परत गेली होती. पहिला म्हणाला, मधली भिंत काढून मोठा हॉल करू. दुसऱ्यानं लिफ्ट बसेल का ते बघायला जिन्याच्या पोकळीत टेप लावली. तिसऱ्यानं खालच्या ओलीवर हात फिरवून सांगितलं, "काही नाही, सिमेंट मारून टाकू."

हे सांगताना ताईंचे डोळे पहिल्यांदा कोरडे झाले. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला तर ओल बाहेर पडायची वाट बंद होते, ती आतच कोंडते आणि वर चढत जाते. दोन-तीन वर्षांत पोपडे सुटतात. हे त्यांनी मला एखाद्या गवंड्याच्या ठसक्यात समजावलं. "कसं कळलं तुम्हाला?" "एकदा दादानं सुट्टीत येऊन करून दिलं होतं सिमेंट. मग मी ते बरंचसं खरवडून काढून परत चुना करून घेतला. कारागीर शोधण्यातच चार महिने गेले." हे मी वहीत टिपलं, पण त्यातलं महत्त्वाचं काय ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही. अजून एक गोष्ट लिहून ठेवली होती. प्रत्येक गिऱ्हाईक गेलं, की ताई किंमत थोडी वाढवायच्या. आणि घर बघायला येणाऱ्याला रात्रीच्या गोंगाटाबद्दल आपणहून सांगायच्या, तेही दोनदा.

इथे माझी चूक सांगते. मला वाटलं, नेहमीचंच प्रकरण आहे. आपल्या मालकीची वस्तू आपल्याला जास्त मोलाची वाटते, हे १९९० साली डॅनिएल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी दाखवलं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांना त्यांनी कॉफीचे मग दिले आणि काहींना दिले नाहीत. ज्यांच्या हातात मग होता ते विकायला जेवढे मागत होते, त्याच्या साधारण निम्मेच पैसे द्यायला बाकीचे तयार होते. मी मोठ्या हौसेनं हे ताईंना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग?"

मला हसू आवरेना, त्यांनाही आवरेना. पण प्रश्न बरोबर होता. मग काय? मालकीमुळे किंमत फुगते हे कळून कुणाची सही होत नाही. शिवाय तो कॉफीचा मग हातात येऊन काही मिनिटंच झाली होती. ताईंच्या हातात हे घर जन्मापासून होतं.

दुसऱ्या भेटीत मी बोलणं कमी केलं. कोरा कागद दिला आणि म्हटलं, घर काढा. चित्र चांगलं यायला हवं असं नाही, कुठे काय असायचं तेवढं दाखवा. भिंती, खिडक्या, आईचं कपाट, वडिलांची खोली, सगळं भराभर आलं. जिन्यापाशी पेन्सिल थांबली. एकेक पायरी मोजत त्या वर गेल्या आणि आठवीवर एक फुली मारली.

"ही करकरते."

वडिलांची खोली जिन्याला लागून आणि त्यांची झोप सावध. आई वरच्या मजल्यावर. रात्री दोन वाजता तिला औषध द्यायला जाताना ही पायरी गाळायची, सातवीवरून एकदम नववीवर पाय टाकायचा. चार वर्षं रोज रात्री.

मी विचारलं, "आता?"

बराच वेळ गेला. "आताही," त्या म्हणाल्या. वडील जाऊन सहा वर्षं झालेली, खोली रिकामी, गुडघा दुखरा, आणि तरी ही बाई आठवी पायरी ओलांडून चढत होती.

"दादाला माहीत आहे हे?"

"त्याला कुठून माहीत असणार? तो रात्रीचा कधी होताच कुठे."

आवाज बदलला होता. आईवडिलांबद्दल बोलताना तो ओला असायचा, इथे टोकदार झाला. मग मी एरवी पहिल्याच भेटीत विचारते तो प्रश्न उशिरा विचारला. किती मिळाले तर सही कराल? त्यांनी आकडा सांगितला. तेवढे उद्या मिळाले तर? जरा विचार करून म्हणाल्या, "तरी पुरे नाही वाटणार." मग कुणाकडून काय मिळालं तर पुरे वाटेल? खिडकीबाहेर बघत त्या बोलल्या, "दादानं एकदा म्हणावं."

"काय?"

"की मी होते."

दर खेपेला वाढवलेली किंमत म्हणजे त्या सगळ्या वर्षांची थकबाकी होती. ती त्या अनोळखी गिऱ्हाइकांकडून वसूल करू बघत होत्या आणि ज्याच्याकडे बाकी होती त्याच्याशी फक्त जाहिरातीच्या मजकुरावर बोलत होत्या. घर विकलं की वाटण्या अर्ध्या-अर्ध्या होणार, हिशेब मिटला असं सगळे म्हणणार. न मिटलेल्या हिशेबावर ‘मिटला’ म्हणून सही कशी करायची? हात तिथे थांबत होता. आठवणींचं ओझं होतंच, नाही असं नाही. पण आठवणीत रुतलेली माणसं मी पाहिली आहेत, ती सहसा गिऱ्हाईक दारातही येऊ देत नाहीत. ताई येऊ देत होत्या आणि मग पळवून लावत होत्या.

एक खात्री मात्र करून घ्यावी लागते. कधी कधी हात थांबतो कारण निर्णयच चुकीचा असतो. म्हणून मी त्यांना कल्पना करायला सांगितली: उद्या कळलं, व्यवहार कायमचा मोडला, घर तुमच्याकडेच राहणार. पहिल्यांदा काय वाटेल? "हुश्श," त्या लगेच म्हणाल्या. आणि दोन क्षणांनी, "मग परत तो जिना." चेहरा पडला. म्हणजे विकायचं होतं.

भावाला बोलावलं. तो आला, हे त्याचं श्रेय. येताना फाइल घेऊन आला आणि पहिलंच वाक्य, "आपण अर्धं-अर्धं करतोच आहोत ना?" पुढे, "मी दर महिन्याला पैसे पाठवत होतो." ते खरंच होतं. मग, "तू कधी काही सांगितलंच नाहीस." हेही काही अंशी खरं होतं. एकटीनं सगळं उचलणारी माणसं बहुतेकदा मदत मागत नाहीत आणि कुणी विचारलं नाही याची नोंद मात्र मनात चोख ठेवतात. मी ताईंना म्हटलं, बाकी सगळं राहू द्या, ती पायरी सांगा. त्यांनी सांगितली. भाऊ बराच वेळ गप्प. शेवटी म्हणाला, "मला वाटायचं, ती तू दुरुस्त करून घेतली असशील."

माफी म्हणावी असं त्यात काही नव्हतं. ताई कडवट हसल्या आणि भेट संपली. मला वाटलं, हे वाया गेलं. पण आठवड्यानं त्यानं रात्री फोन केला. काय बोलणं झालं ते ताईंनी मला पुरतं सांगितलं नाही, मीही खोदलं नाही. एवढंच कळलं, की तो म्हणाला, "अगं, तू होतीस म्हणून मी तिकडे राहू शकलो." आणि तिचा हिस्सा जास्त असावा असं त्यानंच सुचवलं. त्यांनी आधी नाही म्हटलं, नंतर घेतला. कुणाला किती, हे मी कधीच सांगत नाही. ते वकिलासमोर कागदावर ठरवावं. समुपदेशकानं वाटण्या करायला घेतल्या की दोन्ही कामं बिघडतात.

त्यानंतर घराचं दुःख खऱ्या अर्थानं वर आलं. राग बाजूला झाला की खालचं दिसतं. "सगळं मिटलं, मग आता का रडू येतंय?" असं त्यांनी विचारलं. बोस्टनमधली वेस्ट एंड नावाची गजबजलेली जुनी वस्ती पुनर्विकासासाठी पाडली गेली, तेव्हा तिथून हललेल्या माणसांचा मानसशास्त्रज्ञ मार्क फ्रीड यांनी अभ्यास केला. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या लेखात त्यांनी या लोकांच्या अवस्थेसाठी ‘शोक’ हाच शब्द वापरला. जिवलग माणूस गेल्यावर जे होतं, तेच तिथे घर आणि वस्ती गेल्यावर झालं होतं. काहींच्या बाबतीत तर ते दोन वर्षांनंतरही ओसरलं नव्हतं. ही गोष्ट मात्र ताईंना कॉफीच्या मगाच्या गोष्टीपेक्षा जवळची वाटली. "माझ्यावर कुणी जबरदस्ती केलेली नाही, तरी असंच आहे," म्हणाल्या.

एका दिवशी ढसाढसा रडायचं आणि दुसऱ्या दिवशी नव्या फ्लॅटसाठी पडद्यांचे रंग निवडायचे, याची त्यांना लाज वाटायची. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये शोकाचं जे प्रारूप मांडलं त्यात ही ये-जाच महत्त्वाची आहे. गेलेल्याकडे जायचं, पुढच्या कामाकडे यायचं, परत जायचं. नुसतं एकीकडेच राहणं जड जातं. त्यामुळे पडदे बघा, असं मी त्यांना सांगितलं.

घराला पत्र लिहिण्याचा उपाय त्यांनी कुठेतरी वाचला होता. लिहून बघितलं आणि "मूर्खासारखं वाटलं" म्हणून फाडलं. मलाही तो उपाय फारसा आवडत नाही. फोटो काढणं उपयोगी पडतं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, भावना गुंतलेल्या वस्तूंचा फोटो काढून ठेवायला सांगितलं तर वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांनी त्या वस्तू जास्त प्रमाणात देऊन टाकल्या. मी एवढीच अट घातली, की सजवलेल्या खोलीचे फोटो नकोत, हाताळलेल्या जागांचे काढा. त्यांनी आणलेले फोटो असे: दाराच्या कडीपाशी झिजलेलं लाकूड, भिंतीवर उंची मोजल्याच्या पेन्सिलीच्या रेघा, चुना आणि सिमेंट जिथे भेटतात तो वेडावाकडा जोड.

असल्या दुःखात आठवडेच्या आठवडे झोप आणि भूक गेली, रोजचं काम होईनासं झालं किंवा जगू नये असं वाटायला लागलं, तर घराचा विषय बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. ताईंच्या बाबतीत तशी वेळ आली नाही. आणि माणूस नुकतंच गेलं असेल, पैशाची निकड नसेल, तर व्यवहार थोडा पुढे ढकलायला काहीच हरकत नसते. नातेवाइकांची घाई ही निकड नव्हे.

घर शेवटी लिफ्टवाल्यानं घेतलं. त्यानं परत फोन केला तेव्हा ताईंनी पहिल्यांदाच विचारलं, लिफ्ट कशाला हवी? त्याची आई जिना चढू शकत नव्हती. ओलीबद्दल ताईंनी त्याला सगळं खरं सांगितलं, चुन्याच्या कारागिराचा नंबरही दिला. गोंगाटाबद्दल एकदाच सांगितलं.

किल्ल्या दिल्यानंतर त्या भेटायला आल्या. म्हणाल्या, शेवटचं उतरताना ठरवलं होतं, आज आठवीवर पाय टाकायचाच. दोन्ही पाय टाकून उभी राहिले.

"करकरली?"

"छे हो. आठवडाभर हवा ओली आहे ना. लाकूड फुगतं, सांधे आवळतात. माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं."