बोट स्वच्छ दिसत असतानाही रॅम्पवर तपासणी कशासाठी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या मिनेसोटात नवीन आहात, मासेमारीसाठी जुनी बोट घेतली, आणि पहिल्याच शनिवारी रॅम्पवर, म्हणजे बोट तळ्यात उतरवायच्या उतारावर, तपासणीच्या एका मुलीनं थांबवून ड्रेन प्लग (बोटीतलं पाणी सोडायच्या भोकाचं बूच) दाखवायला सांगितला, लाइव्हवेल (मासे जिवंत ठेवायची पाण्याची टाकी) उघडून पाहिला, ट्रेलरखाली वाकून हात फिरवला. मागं रांग लागलेली. बोट तर चकचकीत होती, मग हा खटाटोप कशाला?

मी इथं दोन उन्हाळे हेच काम केलंय, म्हणून तिच्या बाजूनं सांगतो.

तिला सगळ्यात जास्त धास्ती असते ती बोटीत उरलेल्या पाण्याची. झेब्रा मसल या शिंपल्याची एक मादी वर्षाला दहा लाखांपर्यंत अंडी घालू शकते, आणि त्यातून निघणाऱ्या अळ्या साध्या डोळ्यांना दिसत नाहीत. लाइव्हवेलच्या तळाशी राहिलेलं पेलाभर पाणी नितळ दिसतं, त्यावरून काहीच कळत नाही. वेकबोर्डिंगच्या, म्हणजे मागं फळीवरच्या माणसाला ओढत नेणाऱ्या बोटींचं तर मला फार भय वाटायचं, कारण त्यांच्या बॅलास्ट टाक्या (वजनासाठी पाणी भरायच्या) पुरत्या रिकाम्या होतच नाहीत.

हा शिंपला मूळचा काळा समुद्र आणि कॅस्पियनकडचा. मालवाहू जहाजांच्या बॅलास्टच्या पाण्यातून तो ग्रेट लेक्स या अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या महाकाय तळ्यांमध्ये आला. 1988 मध्ये लेक सेंट क्लेअरला सापडला, पुढच्याच वर्षी मिनेसोटातल्या डुलुथच्या बंदरात. पण 2005 मध्ये मिल लॅक्स आणि 2010 मध्ये मिनेटोंका या इथल्या तळ्यांत सापडला, तिथं काही जहाजं जात नाहीत. इथली कितीतरी तळी एकमेकांना जोडलेलीच नाहीत. त्यांच्यामधला रस्ता म्हणजे आपला ट्रेलर.

एकदा मिल लॅक्सहून आलेले एक आजोबा भेटले. बोट लख्ख धुतलेली, दोरसुद्धा नीट गुंडाळलेला. मोटरच्या खालच्या भागावरून हात फिरवला तर काचकागदासारखं खरखरीत लागलं. ती शिंपल्यांची बारीक पिल्लं होती. आजोबांचा चेहरा पडला. ज्यात बोट उतरवायला आले होते, ते तळं त्यांच्या लहानपणापासूनचं होतं. त्यांना गरम पाण्याच्या केंद्रावर पाठवलं. 60 अंश सेल्सियसचं पाणी दहा सेकंद लागलं की शिंपले मरतात, आणि ही सोय फुकट असते. मला आजही वाटतं, त्या दिवशी ती दहा मिनिटं घेतली नसती तर मला माफी नव्हती. कारण एवढ्या मोठ्या तळ्यात शिंपला एकदा रुजला की तो समूळ काढायचा उपाय अजून कुणाकडं नाही. तो पाण्यातलं सूक्ष्म खाद्य गाळून घेतो, इथल्या मूळ शिंपल्यांवर चिकटून त्यांना मारतो, आणि तुम्ही ज्या वॉलाय माशासाठी बोट घेतली असेल, त्याची पिल्लं पहिल्या वर्षीच खुरटतात.

आपल्याकडंही हे अगदीच परकं नाही. याच कुळातला, मध्य अमेरिकेकडचा एक काळ्या पट्ट्यांचा शिंपला मुंबई बंदरात ठाण मांडून आहे. तोच 1999 मध्ये ऑस्ट्रेलियात डार्विनच्या मरिनांमध्ये, म्हणजे बोटी लावायच्या गोद्यांमध्ये सापडला, तेव्हा त्यांनी तीन मरिना बंद करून पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतलं. वेळेवर सापडला म्हणून तो तिथून नाहीसा करता आला.

आता तुमच्यापुरतं. बोट पाण्याबाहेर काढली की तिथंच प्लग काढा आणि रस्त्यानं नेताना तो काढलेलाच ठेवा. इथं तसा कायदाच आहे. ट्रेलरला लोंबणारं शेवाळ उपटून टाका. आमिषाचे उरलेले जिवंत मासे-किडे तळ्यात न सोडता कचऱ्यात टाका. दुसऱ्या तळ्यावर जाण्याआधी बोट पाच दिवस कोरडी राहिली तर उत्तमच. एवढं आधीच करून आलात, तर तपासणी दोन मिनिटांत आटोपते.

आणि बोटीसोबत कुणाची जुनी लिफ्ट (बोट पाण्याबाहेर उचलून ठेवायचा सांगाडा) किंवा डॉक (तळ्यातला बोट बांधायचा धक्का) घेणार असाल, तर नव्या तळ्यात उतरवण्याआधी ती 21 दिवस कोरडी ठेवावी लागते. मेमध्ये सौदा करताना तेवढे दिवस हिशेबात धरा.