सत्तरीनंतर आई-वडिलांना कोणते जुनाट आजार जास्त होतात? लक्ष कशाकडे द्यावं?

सगळ्यात वर बीपी. मुंबईत देवनारला असलेल्या आयआयपीएस या लोकसंख्या-अभ्यास संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर केलेल्या 'लासी' या वयस्कांच्या आरोग्य पाहणीत साठीपुढच्या सुमारे ३२ टक्के लोकांनी बीपीचं निदान झाल्याचं सांगितलं, १४ टक्क्यांनी मधुमेहाचं. शिवाय सांधेदुखी, हृदयविकार, दमा, मोतीबिंदू.

मला जास्त काळजी वाटते ती हे आजार एकत्र नांदतात त्याची. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक या वेदनाशामक गोळ्यांची पट्टी डॉक्टरांना न विचारता परस्पर आणली जाते. ती गोळी रोज घेतली तर बीपी चढू शकतं, किडनीवर ताण येतो. मधुमेहाने किडनी आधीच थकलेली असेल तर फारच. बीपीचे डॉक्टर वेगळे, हाडांचे वेगळे, त्यामुळे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून दर तपासणीला घरातल्या सगळ्या गोळ्या, अगदी आयुर्वेदिक चूर्णसुद्धा, पिशवीत घालून घेऊन जा आणि डॉक्टरांना दाखवा.

उठल्यावर चक्कर येते का, हेही विचारा. बीपी बसून आणि उभं राहून, दोन्ही वेळा मोजून घ्या. या वयात पडून खुबा मोडला की माणूस महिनोन् महिने अंथरुणाला खिळू शकतो. आणि ऐकू कमी येत असेल तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका, कान तपासून घ्या.