फाईलमध्ये नसलेला कागद

ती पहिल्यांदा आली तेव्हा चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, होऊन महिना झाला होता. म्हापशातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत शिरताना तिने फाईल दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, आणि बसल्यावरही फाईल मांडीवरच राहिली. वय सत्तावीस, गाव पेडण्याकडचं. इंग्रजी घेऊन बी.ए., मग बी.एड., आणि तीन वर्षं पाचवी-सहावीला इंग्रजी शिकवलेलं. जपानमधल्या एका शाळेने तिला इंग्रजीची शिक्षिका म्हणून घ्यायचं ठरवलं होतं. तिथलं शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, म्हणजे हातात सहा महिने होते. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत आणि तिला विचारूनच हे लिहिते आहे.)

"मॅडम, एखादा कागद चुकला आणि सगळंच गेलं तर?"

परदेशी निघालेल्यांकडून हा प्रश्न मी नेहमी ऐकते. नर्सिंगला जाणाऱ्या मुली विचारतात, बोटीवर जाणारे मुलगे विचारतात. हिला तो रात्री दोन वाजता उठवायचा. दिवा लावायची, फाईल उघडायची, कागद मोजायची, झोपायची. चार वाजता पुन्हा तेच. दिवसा एजंटला मेसेज. त्याने उत्तर दिलं की तासभर बरं, नाही दिलं की पोटात गोळा.

मी तिला विचारलं, "मोजल्यावर किती वेळ बरं वाटतं?"

"दहा मिनिटं."

तपासण्याची सवय अशीच लागते. दहा मिनिटांच्या आरामासाठी माणूस पुन्हा उठतो, आणि मनाला खात्री पटत जाते की उठलो म्हणूनच वाचलो. मी तिला फाईल बंद करायला सांगितली नाही, तसं सांगून कुणाची चिंता थांबत नाही. फक्त वेळ बांधून दिली. रोज संध्याकाळी साडेसहा ते सात, जेवणाच्या टेबलावर, वही घेऊन. रात्री काही आठवलं तर उशाच्या कागदावर एक ओळ लिहायची आणि उद्याच्या साडेसहावर सोडायची. पहिला आठवडा फार कठीण गेला. दुसऱ्या आठवड्यात ती एकदाच उठली.

मग आम्ही यादी हातात घेतली. खरं तर याद्या दोन होत्या, आणि निम्मा घोळ तिथेच होता. एक जपानच्या शाळेने पाठवलेली, एक पानाची. दुसरी एजंटची, तीन पानांची, कुठल्याही देशाला चालेल अशी. त्यात पोलीस क्लिअरन्स, म्हणजे गुन्ह्याची नोंद नसल्याचा दाखला, होतं, प्रत्येक मार्कशीटवर अपोस्टिल होतं, जन्मदाखल्यावरही अपोस्टिल होतं. अपोस्टिल म्हणजे कागदावरची सही आणि शिक्का खरा आहे, एवढं सांगणारं प्रमाणपत्र. 1961 च्या हेग करारातून ते आलं आणि भारतात 2005 पासून लागू आहे. कोरियात शिकवायला जाणाऱ्याच्या पदवीवर ते लागतं, पोलीस क्लिअरन्सवरही लागतं. हिच्या शाळेच्या यादीत दोन्ही नव्हती. तरी तिने अपोस्टिलसाठी पैसे भरले होते आणि पोलीस क्लिअरन्सचा अर्ज कधी करायचा या विचाराने दोन आठवडे झोप घालवली होती. मी तिला एवढंच सांगितलं, शाळेला सरळ ई-मेल करून विचार. "त्यांना वाटेल हिला काही कळत नाही," ती म्हणाली. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, नम्र आणि दोन ओळींचं: आमच्या यादीतलं तेवढंच पाठवा.

एजंटबद्दल इथे स्पष्ट लिहिते, कारण माझ्याकडे येणाऱ्या पाचातल्या तिघांच्या चिंतेत एजंट असतोच. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटला 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते. ती आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर कुणालाही पाहता येतं. मूळ प्रमाणपत्रं त्याच्याकडे ठेवायची नाहीत. आणि "आधी टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे बदलून घेऊ" असं कुणी म्हणालं तर तिथेच उठायचं. हिला तो तसं म्हणाला नव्हता, पण पदवीचं मूळ प्रमाणपत्र त्याच्या कपाटात होतं. ते परत आणायला ती बाबांना घेऊन गेली. त्या रात्री ती सलग सहा तास झोपली.

जपानच्या बाबतीत तिच्या मनात सगळ्यात मोठा गैरसमज होता तो क्रमाचा. तिला वाटत होतं व्हिसा आपणच मिळवायचा, सगळं आपल्याच डोक्यावर. प्रत्यक्षात तिथली शाळा आधी तिथल्या इमिग्रेशनकडे पात्रता प्रमाणपत्र मागते; त्याला सगळे सीओई म्हणतात. त्याला साधारण एक ते तीन महिने लागतात. ते हातात आलं की इथे व्हिसाचा अर्ज, आणि सीओई निघाल्यापासून तीन महिन्यांत त्या देशात उतरायचं. म्हणजे मधले कित्येक आठवडे तिने काही करायचंच नसतं. वहीत आम्ही दोन रकाने केले: माझं काम, त्यांचं काम. "त्यांचं काम" लांबलचक झालं. ती त्या रकान्याकडे बराच वेळ बघत बसली.

नावाचा गुंता गोव्यातल्या घराघरांत असतो, तसा तिच्याकडेही होता. आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या नोंदीत 'नाईक'च्या शेवटी क्यू-यू-ई. ते बाबांच्या दाखल्यावर आलं, तिच्या जन्मदाखल्यावर आलं, तिथून पासपोर्टवर. शाळेत मास्तरांनी साधा 'के' लिहिला, म्हणून पदवीवरही 'के'. तिला वाटत होतं आपण दोन वेगळ्या बायका ठरणार. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि सोबत जपानच्या शाळेला आधीच लिहिलेलं पत्र, एवढ्यावर ते मिटलं. याच सुमारास तिचा लंडनचा मावसभाऊ फोनवर सांगत होता की आजोबांच्या नावावर पोर्तुगीज पासपोर्ट काढ, व्हिसाची कटकटच नको. त्याने चांगल्या मनानेच सांगितलं असेल. पण आपला कायदा दोन नागरिकत्वं मान्य करत नाही. तो पासपोर्ट घेतला की भारताचं नागरिकत्व जातं. एका नोकरीच्या घाईत हा निर्णय होऊ नये, असं मला मनापासून वाटतं आणि मी तिला तसं सांगितलं.

नोव्हेंबरच्या मध्यावर यादीतलं सगळं झालं होतं. एक सोडून. जपानमध्ये शाळेत परकी भाषा शिकवायची तर त्या भाषेतून किमान बारा वर्षं शिक्षण झालेलं असावं लागतं. त्यासाठी ती शिकली त्या प्रत्येक संस्थेकडून माध्यमाचा दाखला हवा होता. हायस्कूल तिच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. पहिल्यांदा कारण निघालं की हेडमास्तर बदललेत. मग क्लार्क रजेवर. मग दिवाळीची सुट्टी. पणजीला चार खेपा घातलेली मुलगी दहा मिनिटांवरच्या शाळेत जात नव्हती.

चुकण्याची भीती ज्या कागदाची वाटते तो आपण दहादा तपासतो. ज्याची लाज वाटते तो काढायलाच जात नाही. म्हणून मी विचारलं, "त्या दाखल्यावर काय लिहिलेलं असणार?"

ती खाली बघून म्हणाली, "पाचवीपासून इंग्रजी. म्हणजे पहिली ते चौथी मराठी, हे उघडं होणार."

चवथीला गणपतीवर बांधलेल्या फळापानांच्या माटोळीखाली सगळे बसलेले असताना तिच्या काकाने म्हटलं होतं, मराठी शाळेतली पोर आता परक्यांना इंग्रजी शिकवणार. सगळे हसले, तीही हसली. तीन महिने ते वाक्य तिच्या फाईलमध्ये होतं आणि मला दिसलं नव्हतं. मी पहिल्या भेटीतच विचारायला हवं होतं.

गोव्यात 1990 च्या धोरणानंतर 2011 पर्यंत अनुदानित प्राथमिक शाळा मराठी किंवा कोंकणीतल्याच होत्या. सरकारी प्राथमिक शाळाही बहुतेक त्याच भाषांतल्या. तिच्या वयाची गावागावांतली मुलं याच वाटेने पाचवीत इंग्रजीला भिडली. मी वही पुढे केली आणि म्हटलं, "मोज." पाचवी ते बारावी आठ. बी.ए. तीन, अकरा. बी.एड. दोन. तिने पेन्सिल उचलली, पुन्हा वरून मोजलं. तेरा. बारा हवी होती. महिनाभर रात्री कागद मोजणाऱ्या मुलीने ही बेरीज एकदाही केली नव्हती.

त्यानंतर ती जे बोलली ते मी तसंच लिहून ठेवलं आहे. पाचवीच्या पहिल्या दिवशी गणिताच्या बाईंनी फळ्यावर 'फ्रॅक्शन' लिहिलं. तिला अपूर्णांक पाठ होते, घरी आईला शिकवायची इतके. पण तो शब्द कळला नाही म्हणून तिने आयुष्यात पहिल्यांदा मान खाली घातली. आज तिच्या पाचवीच्या वर्गात मराठी शाळेतून आलेलं पोर गप्प झालं की तिला लगेच कळतं. ती त्याच्या बाकाजवळ जाऊन हळूच दोन्ही शब्द सांगते. "जपानची पोरं पण तशीच गप्प बसत असतील ना?" तिने विचारलं. मी म्हटलं, मुलाखतीत हे सांगितलंस का? तिने मान हलवली. सांगावंसं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेत गेली. क्लार्कने वीस मिनिटांत दाखला टाईप करून दिला, हेडमास्तरांनी शिक्का मारला आणि चहा पाजला. उरलेले तीन दाखले आठवड्यात आले. कागद गेले, आणि मग फक्त थांबायचं होतं. डिसेंबर-जानेवारीत ती दोनदा आली. झोपेचं बरं होतं. एकदा रडली, आईला सोडून जायचं म्हणून. त्यावर उपाय करण्यासारखं काही नव्हतं, आम्ही बसून राहिलो.

सीओई फेब्रुवारीत आलं, व्हिसा मार्चमध्ये. निघायच्या आदल्या रात्री तिचा फोन आला. कागदांचा विषयही निघाला नाही. बॅगेत तीस किलोची जागा आहे, त्यात उकडे तांदूळ किती न्यावेत, हे तिला विचारायचं होतं.