मिस्सा, रोषणाई आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजी

ताई, मी वसईची कॅथलिक, अंधेरीला बँकेत नोकरी करते. रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाते ती निव्वळ आईचं मन राखायला. प्रवचनात माझ्या जगण्यातलं काही नसतं. यंदा सणाला रोषणाई, बँड सगळं झालं. पण आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेल्या आजी आहेत, त्यांच्याकडे चर्चमधून कुणी फिरकलं नाही. नवरा म्हणतो, सोडून दे. लेकीचं पहिलं कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद पहिल्यांदा घेण्याचा विधी, तोंडावर आहे, म्हणून सोडवत नाही. मी ढोंगी आहे का?
– एक आई, वसई

ढोंगी कसल्या? चिडलेल्या आहात, आणि रोषणाईवरचा राग मला पटतो. प्रवचनाचं मात्र फार मनावर घेऊ नका. कंटाळवाण्या प्रवचनापायी माणसं चर्च सोडू लागली असती, तर वसईतले निम्मे बाक कधीच रिकामे झाले असते.

पण एक विचारते, रागावू नका. आजींकडे ‘कुणी’ फिरकलं नाही म्हणता, त्या कुणीमध्ये स्वतःला धरलंत का? बाप्तिस्म्याच्या वहीत तुमचंही नाव आहे. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या वेळी राजा, म्हणजे ख्रिस्त, काय हिशेबात धरतो? भुकेल्याला जेवू घातलं, आजाऱ्याची विचारपूस केली, तुरुंगातल्याला भेटलात. तिथे सणाच्या रोषणाईचा हिशेब नाही, तसा मिस्साच्या हजेरीचाही नाही. वसईचे धर्मगुरू आणि लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी टँकरवाले आणि बिल्डर यांच्याविरुद्ध उभे राहिले, तेव्हा चर्चच्या बाकांवरची माणसं त्यांच्यासोबत रस्त्यावर उतरली. चर्च कालबाह्य झालंय असं त्या दिवसांत कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

तुम्ही बँकेतल्या आहात, हे तर फारच सोयीचं. प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या धर्मग्रामात, वित्त समिती असलीच पाहिजे, हा चर्चचाच कायदा आहे, आणि तिच्यात प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू नसलेली, माणसं बसतात. सणाला किती उडाले आणि आजाऱ्यांसाठी किती ठेवले, हे विचारायची जागा तीच. मिस्सा सुटल्यावर फाटकाशी कुजबुजण्यापेक्षा फादरांना भेटा, मला घ्या म्हणून सांगा. अंथरुणाला खिळलेल्यांना घरी कम्युनियन न्यायला प्रापंचिकही नेमता येतात. आजींचं नाव त्या यादीत आहे का, तेही त्याच खेपेला विचारून घ्या.

आईला खरं काय ते सांगून टाका. तुमचं पडलेलं तोंड तिला दर रविवारी दिसतंच आहे. नवऱ्याशी वाद घालत बसू नका, त्याला आजींचं औषध आणायला पाठवा.

लेकीला धर्मशिक्षणाच्या वर्गातून परस्पर आजींकडे न्या. नवीन पाठ केलेली प्रार्थना तिथे म्हणू दे. चुकली तर आजी सुधारतील, कंटाळली तर कंटाळू दे.

आणि समितीत जागा नाही असं फादर म्हणाले, तर मला पुन्हा लिहा. मग बिशपांना पत्र कसं लिहायचं ते आपण दोघी बसून ठरवू.