धाकट्या जावेचं पुढे काय झालं?

प्रश्न : ताई, मी केज तालुक्यातली, सध्या लातूरला शिकायला आहे. एका मालिकेतली धाकटी जाऊ मला फार आवडायची. तिला मुंबईला पाठवलं आणि मालिका तिला विसरूनच गेली. मग तिचं पुढे काय झालं ते मीच लिहायला घेतलं. मोबाइलवर १४ भाग झालेत, मैत्रिणी पुढच्या भागाची वाट बघतात. पण चुलत भाऊ म्हणतो, "दुसऱ्याचं उष्टं कशाला खातीस? स्वतःचं काही सुचत नाही का?" मी म्हणते, हा सराव आहे, पुढे स्वतःचं लिहीन. हेच सांगून सांगून थकले. खरंच असं पटवून द्यावं लागतं का?

उत्तर : नाही लागत. आणि 'सराव आहे' हे तर मुळीच सांगू नकोस, लेकरा, कारण ते खरं नाही. तू पाठवलेले भाग मी वाचले. तिसऱ्या भागात ती मुंबईच्या खोलीवर एकटी असते आणि सवयीनं सात माणसांची कणीक मळून बसते. मग त्या गोळ्याकडे नुसती बघत राहते. सरावासाठी असं कुणी लिहीत नाही. तिला तसं वाऱ्यावर सोडणं तुला जमलं नाही, म्हणून तू लिहिलंस.

माझी आजी पहाटे जात्यावर बसायची. मी तिच्या मांडीला डोकं लावून पडलेली, जात्याची घरघर कानात, अंगावर ज्वारीचं पीठ उडायचं. तिच्या ओवीत रानात रडणाऱ्या सीतेची समजूत काढायला बोरी-बाभळी बायका होऊन यायच्या. वाल्मीकींनी हे लिहिलेलं नाही. पण पोटुशी बाई रानात एकटी, जवळ बाईमाणूस नाही, हे दळणाऱ्या बायांना सोसवेना. त्यांनी झाडांनाच बायका केलं. आजीनं त्याबद्दल कधी कुणाला खुलासा दिला नाही.

'उष्टं' म्हणशील, तर 'व्यासोच्छिष्टं जगत्सर्वम्', म्हणजे सगळं जग व्यासांचं उष्टं, असं आपल्याकडे मानानं म्हणतात. पण भाऊ म्हणेल, पुराणं सगळ्यांची, मालिका कुणाच्या तरी मालकीची. त्याचं तेवढं बरोबर आहे. म्हणून आपल्या पैठणच्या नाथांकडे बघ. १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि बजावलं : 'ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी । तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥' म्हणजे ज्ञानेश्वरीत आपली ओवी घालणं हे अमृताच्या ताटात नारळाची करवंटी ठेवण्यासारखं. त्याच नाथांचं भावार्थरामायण युद्धकांडात अपुरं राहिलं, आणि पुढचा भाग त्यांच्या शिष्यानं, पुरणपोळीवेड्या गावबानं, पूर्ण केला असं परंपरा सांगते. मला यात विरोध दिसत नाही. ज्ञानेश्वरांच्या मजकुरात आपली ओवी त्यांचीच म्हणून घुसडायची, ती नरोटी. रामाची कथा आपण आपल्या तोंडानं पुढे सांगायची, त्याला नाथांची ना नव्हती. ते स्वतः तेच करत होते.

तेव्हा प्रत्येक भागाच्या वर मालिकेचं नाव लिही आणि पुढची गोष्ट तुझी आहे, हे स्वच्छ सांग. पैसे घेऊ नकोस. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लेखकाचे हक्क त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं राहतात, आणि कथेचं रूपांतर करायचा हक्कही त्यातच येतो. इंग्रजीत अशा लिखाणाला फॅन फिक्शन म्हणतात. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे त्याचं चाहत्यांनीच उभारलेलं, पैसे न घेणारं भांडार. २०१९ मध्ये त्याला ह्यूगो हा विज्ञानकथांच्या जगातला मानाचा पुरस्कार मिळाला. पण हे भावाला दाखवायला जाऊ नकोस. ती पुन्हा कैफियतच होईल.

त्यापेक्षा नवव्या भागाकडे बघ. तिथपर्यंत ती थोरल्या जावेला 'अहो ताई' म्हणते, आणि फोनवर एकदम 'तू जेवलीस का' म्हणून जाते. हे मुद्दाम केलंस की हातून झालं? हातून झालं असेल तरी खोडू नकोस. थोरलीनं ते ऐकल्यावर काय केलं, ते मात्र तू लिहिलेलंच नाहीस. पंधराव्या भागात ते येऊ दे.