मिठाला पाणी सुटणार, हे धरून चाल

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे आराखडे मिळाले. आजोबांच्या उरणकडच्या मिठागरावर मांडणशिल्प करायचे, दालनाच्या मध्यभागी मिठाची मीटरभर उंच रास घालायची, मागे आजोबांची छायाचित्रे लावायची, कोपऱ्यात त्यांच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण ठेवायचे आणि भिंतीवर दोन पानांची कन्सेप्ट नोट चिकटवायची, असा एकूण बेत दिसतो. शिवाय प्रदर्शनाला ऑगस्टची तारीख मिळाली म्हणून तू खट्टू झाली आहेस आणि वातानुकूलित दालनासाठी अर्ज करू का, असे विचारतेस. बेत वाचताना मला पहिल्यांदा खटकले ते हे की, यात मिठाला स्वतः करण्यासारखे काही उरलेलेच नाही. आजोबांची गोष्ट छायाचित्रे सांगणार, ध्वनिमुद्रण सांगणार, उरलीसुरली नोट सांगणार. मीठ मात्र बोहल्यावरच्या मुंडावळ्यांसारखे शोभेपुरते.

म्हणून आराखडे काही दिवस बाजूला ठेव आणि बाजारातून दोन प्रकारचे मीठ आण, एक पोत्यातले खडेमीठ आणि दुसरे पिशवीतले बारीक मीठ. दोन्ही एकेक किलो मोजून स्टीलच्या दोन ताटांत पसर, ताटे तुमच्या वर्गाच्या खिडकीशी ठेव आणि रोज ठरावीक वेळेला वजन करून वहीत लिही. शुद्ध मीठ हवेतली सापेक्ष आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास गेली की ओलावा ओढून विरघळू लागते. मिठागरातल्या खडेमिठात मॅग्नेशियमचे क्षार उरलेले असतात, त्यामुळे ते त्याही आधी ओले होते. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर ही मर्यादा दिवसचे दिवस ओलांडलेली असते. स्वस्तातला आर्द्रतामापक मिळतो, तो ताटांशेजारी ठेव. दुसरा प्रयोग मडक्याचा आहे. शंभर मिलिलिटर पाण्यात छत्तीस ग्रॅमच्या आसपास मीठ विरघळते. असे भरपूर खारे पाणी न भाजलेल्या नव्हे, चांगल्या भाजलेल्या मडक्यात भरून ठेव. आठवड्याभरात मीठ मडक्याच्या अंगातून बाहेर फुटेल, काठावरून चढून बाहेरच्या बाजूने उतरेल आणि लाल मातीचे पापुद्रे सुटू लागतील. जुन्या घराच्या भिंतीला लोणा लागतो तो हाच. ते मडके रोज पाहताना तुला जे सुचेल, ते आराखड्याच्या कागदावर सुचणार नाही.

माझी फजिती सांगतो, कारण तुझ्याइतकाच मीही या बाबतीत बिनधास्त होतो. विद्यार्थिदशेत मी मांजरपाटाच्या साठ-सत्तर पुरचुंड्यांत खडेमीठ बांधून त्या लोखंडी आकड्यांना टांगल्या होत्या. महिना ऑगस्टचाच होता. दुसऱ्या दिवशी पुरचुंड्यांच्या टोकाशी थेंब धरू लागले, तिसऱ्या दिवशी आकड्यांचा गंज कापडात उतरला आणि खालच्या फरशीवर तांबूस ठिपक्यांची रांग उमटली. मी घाबरून दर तासाला फडक्याने फरशी पुसत होतो. तिथले शिपाईकाका माझ्याकडे बराच वेळ पाहत होते. शेवटी म्हणाले, ‘‘मिठाला पावसात पाणी सुटणारच. आमच्या घरी बरणीत तांदळाचे दाणे टाकतात.’’ पुढे फरशीची भरपाई द्यावी लागली ती वेगळीच. पण बघायला आलेली माणसे पुरचुंड्यांकडे पाहतच नव्हती, ती वाकून फरशीवरचे ठिपके पाहत होती, हे माझ्या ध्यानात आले ते प्रदर्शन उतरवून झाल्यावर. कलाकृती थेंबाथेंबाने तयार होत होती आणि मी ती पुसत होतो.

तेव्हा तारीख बदलून मागू नकोस आणि वातानुकूलित दालनही नको. मिठागरांचा हंगाम पावसाआधी संपतो, आणि ऑगस्टमध्ये तुझ्या आजोबांच्या वाफ्यांत पाणीच पाणी असते, हे तू माझ्यापेक्षा चांगले जाणतेस. त्याच महिन्यात दालनातली रास हळूहळू खचत असेल, तर छायाचित्रे लावून आणखी काय सांगायचे उरते? चंद्रपूरकडच्या कोळसा खाणींच्या परिसरात वाढलेले चित्रकार प्रभाकर पाचपुते भिंतीवर चारकोलने, म्हणजे लाकडी कोळशाने, चित्रे काढतात. विषय आणि साधन तिथे एकमेकांच्या इतके जवळचे असल्यामुळे साधनाचे वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. ध्वनिमुद्रणाबद्दल माझा आग्रह नाही, मात्र ते राहिलेच तर आजोबांनी मिठाविषयी भाषण करण्यापेक्षा मीठ ओढण्याचा नुसता आवाज राहू दे.

आता राशीचा हिशेब. सुटे मीठ ओतले की आपल्या उताराने आपणच बसते, तो उतार साधारण पस्तीस अंशांचा धरू. मीटरभर उंच शंकू हवा तर त्याचा तळ जवळपास तीन मीटर रुंद होतो आणि मीठ दोन टनांहून जास्त लागते. राहत्या घरांचा स्लॅब दर चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो भाराच्या हिशेबाने बांधतात; तुमचे दालन वरच्या मजल्यावर आहे, म्हणून अभियंत्याला विचारल्याशिवाय पोते उचलू नकोस. यावर आत रिकामा खोका ठेवून वरून मीठ थापावे, असे तुला कुणीतरी सुचवेलच. मला ते पटत नाही. रास खचू लागली की दुसऱ्याच आठवड्यात खोक्याचा कोपरा डोकावेल. त्यापेक्षा उंची कमी कर. उंची निम्मी केली की वजन निम्मे नव्हे, आठवा हिस्सा होते. गुडघ्याएवढी, पंचेचाळीस सेंटिमीटरची रास पन्नास किलोच्या चार-साडेचार पोत्यांत बसते आणि माणसाला तिच्याकडे खाली वाकून पाहावे लागते, जे मला अधिक बरे वाटते.

राशीखाली काठ असलेला फायबरचा उथळ ट्रे हवाच, नाहीतर खारे पाणी फरशीच्या सांध्यांत शिरेल आणि माझ्यासारखी भरपाई तुझ्याही नशिबी येईल. जवळपास साधे लोखंड कुठेही नको. स्टील वापरायचेच तर मिठाला दाद न देणारे, ३१६ दर्जाचे घे. दिवे एलईडीचे ठेव, कारण हॅलोजनच्या उष्णतेने वरचा थर सुकून कवच धरतो. ते जमिनीलगत बाजूने लाव, म्हणजे खड्यांच्या कडा चमकतील आणि ओली जागा काळसर दिसेल. सफाई करणाऱ्या मावशींना उद्घाटनाच्या आधी स्वतः भेटून काम दाखव. जर्मन कलावंत योजेफ बॉइस यांनी १९८२ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत छताच्या कोपऱ्यात थापलेली चरबी १९८६ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, साफसफाईत काढून टाकली गेली. मीठ तर केराशेजारीच पडलेले असणार.

कन्सेप्ट नोट पाच ओळींची कर. मीठ कुठून आणले, किती किलो, कोणत्या तारखेला ओतले, एवढे लिही. ‘अस्मितेचा शोध’, ‘स्मृतींचे अवकाश’ असले शब्द परीक्षकांनी इतक्यांदा वाचलेले असतात की त्यांची नजर तिथे थांबतच नाही. त्याऐवजी रोज सकाळी राशीची उंची मोजून भिंतीवर पेन्सिलने तारखेसह लिहीत गेलीस, तर ते मला वाचायला आवडेल.

काम टिकणार नाही, मग दाखवायचे काय आणि विकायचे काय, ही तुझी काळजी मला समजते. चित्रकार नलिनी मलानी यांनी १९९२ मध्ये मुंबईतल्या गॅलरी केमोल्डच्या भिंतींवर थेट रेखाटने केली होती, आणि प्रदर्शन संपल्यावर त्या भिंती पुन्हा रंगवल्या गेल्या. जपानचे कलावंत मोतोइ यामामोतो धाकट्या बहिणीच्या मृत्यूनंतर मिठाने जमिनीवर भूलभुलैये रेखाटू लागले. प्रदर्शन संपले की बघायला आलेल्या माणसांच्या हातूनच ते मीठ गोळा होते आणि समुद्रात परत जाते. तू छायाचित्रे काढून ठेव, वजनांची वही जपून ठेव. नोकरीसाठी वा शिष्यवृत्तीसाठी दाखवायला तेवढे पुरते. विक्रीचे मी आत्ता मनावर घेणार नाही, तूही घेऊ नकोस.

दोन आठवड्यांची वजने झाली की वही घेऊन ये, ताटेही आण. आणि मीठ आणशील ती पोती फेकू नकोस, उलटी करून वाळवून ठेव. उरलेले मीठ उरणला परत न्यायला तीच लागतील.

तुझा,
सर